सतरा वर्षांनी आलेलं बोलावणं

आजची गोष्ट जरा लांबची आहे, आयर्लंडमधली. इंग्लंडच्या शेजारचं ते बेट. पाऊस फार, गाईगुरं आणि दूधदुभतं भरपूर, आणि त्या काळी एका घरात सहा-सात मुलं असली तरी कुणाला नवल वाटायचं नाही. गोष्ट बायकांची आहे, बाळंतपणाची आहे आणि रक्त तपासून घ्यायला वाटणाऱ्या भीतीची आहे. आपल्याकडे रक्त तपासायचं म्हटलं की कितीजणी म्हणतात, ‘राहू दे बाई, हात दाखवून अवलक्षण कशाला?’ म्हण आपली खरी, पण १९९४ सालच्या फेब्रुवारी महिन्यात आयर्लंडमधल्या हजारो बायकांच्या पोटात हाच गोळा आला होता.

का आला, ते कळायला थोडं मागं जावं लागेल.

रक्तगटाच्या पुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह लिहिलेलं असतं, ते तुम्ही गरोदरपणाच्या कार्डावर पाहिलं असेल. आई निगेटिव्ह आणि पोटातलं बाळ पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईच्या शरीराला ते परकं वाटतं आणि ते त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करून ठेवतं. पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही. दुसरं बाळ पॉझिटिव्ह असलं की त्या अँटीबॉडी त्याच्या रक्तावर तुटून पडतात. बाळ जबर कावीळ घेऊन जन्माला येतं, नाहीतर पोटातच जातं. पूर्वी हे कुणाला माहीत नव्हतं. ‘हिची पोरं जगत नाहीत’ एवढंच म्हणत, आणि ठपका कुणावर यायचा ते मी सांगायला नको.

१९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या आणि अमेरिकेतल्या न्यू यॉर्कच्या डॉक्टरांनी यावर तोड काढली. बाळंतपण झाल्यावर तीन दिवसांच्या आत आईला अँटी-डी नावाचं इंजेक्शन द्यायचं, म्हणजे तिचं शरीर त्या अँटीबॉडी करतच नाही. लाखो बाळं या एका सुईनं वाचली. आजही वाचताहेत, आणि तुमच्यापैकी ज्या निगेटिव्ह आहेत त्यांनी ती घेतलीही असेल. पण हे औषध कारखान्यात रसायनं ढवळून होत नाही. ते माणसाच्या रक्तातल्या पाण्यासारख्या भागातून, म्हणजे रक्तद्रवातून, काढावं लागतं. म्हणजे ज्याच्या रक्तद्रवातून औषध काढलं, त्याला काही आजार असेल तर?

आयर्लंडमध्ये १९७० पासून हे इंजेक्शन मिळू लागलं. ते तयार करायचं सरकारी रक्तसेवा मंडळ, राजधानी डब्लिनमधलं. १९७६ साली एका गरोदर बाईवर तिथं उपचार चालले होते. तिच्याच रक्तातल्या अँटीबॉडींमुळं बाळाला धोका होता, म्हणून तिचा रक्तद्रव काढून बदलत होते. काढलेला रक्तद्रव अँटी-डी करायला फार उपयोगी. तो ठेवून घेतला आणि त्याची इंजेक्शनं केली. तिची परवानगी कुणी घेतली नाही. पुढच्या चौकशीच्या कागदांत तिला ‘रुग्ण एक्स’ एवढंच म्हटलं आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिला कावीळ झाली. मंडळाला ते कळलं होतं. तरी तिचा रक्तद्रव वापरात राहिला.

१९७७ च्या उन्हाळ्यात निरोप यायला लागले, की इंजेक्शन घेतलेल्या काही बाळंतिणींना कावीळ झाली आहे. मंडळानं नमुने लंडनला तपासायला पाठवले. उत्तर आलं, ‘बी’ प्रकारची कावीळ नाही. मंडळानं सुटकेचा निःश्वास टाकला.

इथं क्षणभर थांबू या. आपण मराठीत सगळ्यालाच कावीळ म्हणतो. दूषित पाण्यातून येणारी ती कावीळ, आणि रक्तातून येणारी तीही कावीळ. पाण्यातून पसरणाऱ्या ‘ई’ प्रकारावर तर आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत मोठं काम झालं आहे. पण १९७७ साली डॉक्टरांना फक्त ‘ए’ आणि ‘बी’ असे दोनच विषाणू ओळखता येत होते. रक्त चढवल्यावर काहींना होणारी कावीळ या दोहोंपैकी नाही, हे अमेरिकेतल्या हार्वे ऑल्टर यांच्या गटानं १९७५ च्या सुमारास दाखवून दिलं होतं. तिला नावच नव्हतं. ‘ए नाही, बी नाही’ असंच म्हणत. तेव्हा ‘बी नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा होत नव्हता. तपासणी तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते, न विचारलेल्याचं नाही. मंडळातल्या शिकल्यासवरल्या माणसांना हे ठाऊक असायला हवं होतं, असं मला वाटतं.

त्या बाळंतिणी घरी गेल्या. बहुतेकींना कावीळ झालीच नाही, डोळे पिवळे नाहीत की काही नाही. हिपॅटायटिस सी हा आजार असाच आहे. शरीरात शिरतो आणि वीस-वीस वर्षं चूल, मूल, नोकरी सगळं चालू देतो. फक्त थकवा येतो. सांधे दुखतात, मन लागत नाही. त्या बायका डॉक्टरांकडे जात, आणि उत्तर काय मिळे? मुलं लहान आहेत, थकणारच. मनाला लावून घेता. थोडी विश्रांती घ्या. पुढं अनेकींनी हेच सांगितलं, की आपण आळशी आहोत की काय, असं आपल्यालाच वाटू लागलं होतं. हे ऐकताना तुमच्यातल्या काहीजणी मान हलवत असतील.

१९८९ साली अमेरिकेत मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज क्वो या संशोधकांनी त्या बिननावाच्या विषाणूचा पत्ता लावला. त्याला ‘सी’ हे अक्षर मिळालं आणि लवकरच त्याची रक्ततपासणीही निघाली. (२०२० सालचं नोबेल पारितोषिक ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना या कामासाठीच मिळालं.) ऑक्टोबर १९९१ पासून आयर्लंडमध्ये प्रत्येक रक्तदात्याची ही तपासणी सुरू झाली. त्याच वर्षी डिसेंबरात लंडनहून मंडळाला कळवण्यात आलं, की १९७७ साली तुम्ही पाठवलेले नमुने आम्ही जपून ठेवले होते, ते आता पुन्हा तपासले, आणि त्यांत हिपॅटायटिस सी आहे.

मैत्रिणींनो, त्या दिवशी डब्लिनमध्ये सगळं कळलं होतं. कोणतं औषध, कुठल्या साली, कुणाच्या रक्तातून. इंजेक्शन घेतलेल्या बायकांना बोलावून तपासणं एवढंच उरलं होतं. मंडळानं काही केलं नाही. दोन वर्षं गेली. तपासणीला बायका घाबरतात असं आपण म्हणतो, पण या गोष्टीत तपासणीला सगळ्यात जास्त कोण घाबरलं, ते पाहा. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा हिशेब त्या कचेरीचा होता. आणि त्याच काळात १९९१ ते ९४ दरम्यान आणखी एका रक्तदात्याचा विषाणू अँटी-डीत शिरला आणि आणखी काही बायकांपर्यंत पोचला.

मूठ उघडली ती एका बाईनं. कॉर्क शहरातल्या रक्तकेंद्राच्या प्रमुख होत्या डॉ. जोन पॉवर. रक्तदात्यांच्या तपासणीत हिपॅटायटिस सी निघालेल्यांची यादी त्यांच्यापुढं होती. त्यात बायका जरा जास्तच दिसत होत्या. या काही नशेच्या सुया टोचून घेणाऱ्या नव्हत्या, अंगावर गोंदवून घेतलेल्याही नव्हत्या. मग यांना कुठून आलं? डॉ. पॉवर त्यांच्याशी बोलत गेल्या, जुने कागद लावत गेल्या, तेव्हा एक धागा लागला. या बायका आरएच निगेटिव्ह होत्या, आणि त्यांनी १९७७ च्या आसपास अँटी-डी घेतलं होतं.

२१ फेब्रुवारी १९९४ रोजी मंडळाला जाहीर करावं लागलं: १९७० पासून ज्या ज्या बायकांनी अँटी-डी घेतलं आहे, त्यांनी रक्त तपासून घ्यावं.

आता त्या बाईच्या जागी बसून बघा. वय पंचेचाळीसच्या आसपास. थोरला मुलगा कॉलेजात. स्वयंपाकघरात काम करता करता बातमी कानावर पडते, की सतरा वर्षांपूर्वी बाळंतपणात जी सुई दिली, बाळाच्या भल्यासाठी म्हणून जी दिली, तिच्यातून आजार आला असू शकतो. पहिली भीती मरणाची. पण ती एकटी नव्हती. दुसरी भीती मुलांची: त्या सुईनंतर मला आणखी तीन झाली, त्यांना माझ्याकडून गेलं असेल का? तिसरी नवऱ्याची. आणि चौथी, जी कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, ती नावाची. तोवर लोकांनी हा आजार ऐकला होता तो नशा करणाऱ्यांचा म्हणून. अनेकींना दवाखान्यात आधी तेच प्रश्न विचारले गेले: कधी नशा केली होती का? गोंदवलं होतं का? दुसरं कुणी आहे का? इंजेक्शन सरकारनं टोचलं आणि जबाब बाईनं द्यायचा.

तरी बायका गेल्या. या इतिहासातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट हीच आहे. ६२,६६७ जणींनी दंड पुढं केला. एवढ्याशा देशात! या तपासणीचा पहिला सविस्तर हिशेब १९९९ साली एका वैद्यकीय नियतकालिकात आला, तो नीट ऐका. ६२,६६७ मधल्या ७०४ जणींच्या रक्तात हिपॅटायटिस सीच्या खुणा सापडल्या, म्हणजे शंभरात साधारण एक. उरलेल्या नव्व्याण्णव जणी ज्या भीतीनं महिनोन् महिने झोपल्या नाहीत, ती एका थेंबानं गेली असती.

त्या ७०४ जणींचं पुढं काय? खुणा म्हणजे अँटीबॉडी. विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला, एवढंच त्या सांगतात. तो आज आहे की नाही, हे कळायला दुसरी तपासणी लागते, तिला आरएनए तपासणी म्हणतात. ती केली तेव्हा ३९० जणींमध्ये विषाणू निघाला. म्हणजे तीनशेहून जास्त बायकांच्या शरीरानं कुणाच्याही औषधाशिवाय तो आजार केव्हाच हाकलून दिला होता, आणि त्यांना पत्ताही नव्हता! पहिल्याच ‘पॉझिटिव्ह’ शब्दावर संसार आवरायला घेतलेल्या बायकांना हा फरक वेळेवर आणि धीरानं कुणी सांगितला असता, तर किती रात्री वाचल्या असत्या.

ज्यांच्यात विषाणू होता, त्यातल्या बहुतेकींच्या यकृताचा, म्हणजे लिव्हरचा, तुकडा काढून पाहिला. सूज जवळजवळ सगळ्यांनाच होती. निम्म्याजणींच्या यकृतात व्रण पडायला सुरुवात झाली होती. पण यकृत पार आकसून निकामी व्हायला लागणं, ज्याला सिरोसिस म्हणतात, ते शंभरात दोघींनाच होतं, सतरा वर्षांनंतर. हे आकडे मी आजार किरकोळ आहे म्हणून सांगत नाही. किरकोळ तो नाहीच, आणि दारू किंवा दुसरा यकृताचा आजार जोडीला असेल तर वेगानं वाढतो. पण त्या बायका मनात जे चित्र घेऊन रांगेत उभ्या होत्या, ते चित्र आणि खरं चित्र यांत केवढं अंतर होतं! आणि थकवा? तो शंभरातल्या सहासष्ट जणींनी सांगितला. आळस नव्हता तो.

याच काळात या बायका एकमेकींना सापडल्या. १९९४ सालीच त्यांनी ‘पॉझिटिव्ह अ‍ॅक्शन’ नावाची संघटना उभी केली. माहिती मागितली, मोफत उपचार मागितले, भरपाई मागितली. १९९६ साली कायदा होऊन त्यांना आरोग्यसेवेचं खास कार्ड मिळालं. बैठकीत शेजारच्या खुर्चीवर आपल्यासारखीच एक बसली आहे, तिचंही लिव्हर सुजलंय, तिनंही मुलांना अजून सांगितलेलं नाही, हे दिसल्यावर नावाची भीती निम्मी होते. आपल्या बचत गटाच्या बैठकीत कर्जाच्या हिशेबाबरोबर काय काय बोललं जातं, ते आठवा.

पण नाव सांगायची किंमत काय असते, ते ब्रिजिड मॅकोल यांना विचारावं लागलं असतं. डोनेगल या उत्तरेकडच्या जिल्ह्यातल्या या बाई, बारा मुलांची आई. १९७७ साली अँटी-डी घेतलेलं. त्यांचं यकृत खरोखरच निकामी होत चाललं होतं. त्यांनी कोर्टात दावा लावला आणि एकच विनंती केली, की माझं खरं नाव उघड करू नका. कोर्टानं ती मान्य केली नाही. माघार घेणं सोपं होतं. त्यांनी खऱ्या नावानं दावा पुढं नेला. सप्टेंबर १९९६ मध्ये मंडळानं अखेर पत्रानं चूक कबूल केली, आणि त्याच पत्रात बजावलं, की जादा दंडात्मक भरपाईसाठी लढायला गेलात आणि हरलात तर आम्ही खर्च तुमच्याकडून मागू. मरणाच्या दारातल्या बाईला हे पत्र. २ ऑक्टोबर १९९६ रोजी, सुनावणी अगदी तोंडावर आली असताना, त्या गेल्या. वय ५४.

त्या महिन्यात संसदेत यावर चर्चा झाली. आरोग्यमंत्री मायकेल नूनन बोलताना म्हणाले, की त्यांच्या वकिलांनी वेगळा मार्ग धरला असता तर त्यांचं जास्त भलं झालं नसतं का? प्रेक्षकांच्या सज्जात त्या संघटनेच्या बायका बसल्या होत्या. त्या उठून बाहेर निघून गेल्या. मंत्र्यांना माफी मागावी लागली. माजी सरन्यायाधीश थॉमस फिन्ले यांची चौकशी नेमली गेली, आणि मार्च १९९७ च्या त्यांच्या अहवालात रुग्ण एक्सचा रक्तद्रव, लंडनचं उत्तर आणि त्यानंतरची दोन वर्षांची शांतता, सगळं लिहिलं गेलं.

पूर्व जर्मनीतही १९७८-७९ मध्ये असंच अँटी-डी हजारो बायकांना दिलं गेलं होतं. तिथं खटला झाला तोही बंद दाराआड. ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

आयर्लंडच्या त्या बायकांपुढं १९९४ साली आणखी एक अडचण होती, ती आज आपल्यापुढं नाही. विषाणू निघाला तर औषध होतं इंटरफेरॉनचं. महिनोन् महिने सुया, ताप, केस गळणं, मन खचणं, आणि एवढं करून गुण येणार थोड्यांनाच. ‘कळून तरी काय उपयोग?’ या प्रश्नात तेव्हा थोडं तथ्य होतं. आता गोळ्या आहेत. २०१३ च्या अखेरीस पहिलं नवं औषध आलं, काही वर्षांत भारतीय कंपन्या ते स्वस्तात बनवू लागल्या. बहुतेकांना बारा आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात आणि शंभरातले नव्वदाहून जास्त पूर्ण बरे होतात. आपल्या देशात २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

आता तुमच्या मनात आलेला प्रश्न मला इथं ऐकू येतोय: मग आम्ही अँटी-डी घ्यायचं की नाही? घ्यायचंच. आज रक्तदात्यांची तपासणी होते आणि औषध करताना विषाणू मारण्याची वेगळी प्रक्रिया असते. ते न घेण्याचा धोका फार मोठा आहे.

तपासून कुणी घ्यावं? भारतात रक्तपेढीतल्या प्रत्येक पिशवीची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी सक्तीची झाली २००१ साली. त्याआधी बाळंतपणात, पिशवी काढताना किंवा अपघातात ज्यांना रक्त चढवलं असेल, त्यांनी घ्यावं. एकच सुई उकळून अनेकांना टोचायचे, त्या काळात ज्यांनी पुष्कळ इंजेक्शनं घेतली, त्यांनी घ्यावं. डायलिसिसवर असलेल्यांनी, आणि जत्रेत एकाच सुईनं गोंदवून घेतलेल्यांनीही. एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं, एकच तांब्या वापरल्यानं हा आजार होत नाही, त्यामुळं घरातल्या कुणाचं ताट वेगळं करायचं कारण नाही. वस्तरा, टूथब्रश आणि नखं कापायचं यंत्र मात्र ज्याचं त्यानं वापरावं. आईकडून बाळाला जाण्याची शक्यता शंभरात पाचाच्या आसपास असते.

आणि तपासायला गेलात तर कागदावर काय लिहिलंय ते विचारून घ्या. ‘अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह’ एवढंच असेल, तर गोष्ट अर्धीच झाली आहे. ‘एचसीव्ही आरएनए’ करायचं राहिलंय. गोळ्यांनी पूर्ण बऱ्या झालेल्या बाईचाही पहिला कागद पुढं कायम पॉझिटिव्हच येत राहतो, कारण अँटीबॉडी जात नाहीत. तेव्हा दुसरा कागद जपून ठेवा, आणि पुढं कुठल्याही दवाखान्यात कुणी पहिल्या कागदावरून भुवया उंचावल्या, तर हा दुसरा त्यांच्यापुढं ठेवा.